उणे चाळीस

छत्रपती चौकातल्या सिग्नलला
खेमराज लांजेवारच्या गाडीनं आकडा दाखवला, एकोणपन्नास.
"पाहा काका, अन् तुमची वेधशाळा
काल पंचेचाळीसच सांगून राहिली होती.
दाबतात ना बाप्पा, आकडे?"

एकतीस वर्षं मी सोनेगावला
पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढं उभा राहिलो.
जमिनीपासून चार फुटांवर, खाली गवत,
दार उत्तरेला.
श्वास रोखून वाचायचं, आधी दशांश, मग पूर्ण अंक,
कारण माणूस जवळ आला की पारा बिघडतो.
पानठेल्यावर हे किती वेळा सांगणार?
नवतप्यात नागपूरला कुठलाच आकडा पुरत नाही.
एवढंच म्हणालो, सिग्नल सुटू दे.

सुटला. मेट्रोच्या खांबांच्या सावल्या
काचेवरून एकेक पुसत गेल्या,
सत्तेचाळीस, शेहेचाळीस,
चिंचभवनच्या पुलावर पंचेचाळीस.
"आता कोणी दाबला?"
खेमराजनं एसीची जाळी स्वतःकडं वळवली.

मग खापरीच्या गतिरोधकावर
खाली काहीतरी खट्‌कन वाजलं
आणि काचेमागं बर्फाचं इवलं फूल उमटलं :
उणे चाळीस.
मे महिना. दुपारचे अडीच.

हेडाऊ मिस्त्री हिरव्या नेटखाली
ओल्या गोणपाटावर आडवे होते.
उठले, बंपरच्या जाळीमागं कोपरापर्यंत हात घातला,
काळ्या दांडीच्या टोकाचा दाणा दाखवला,
मुगाहून थोडा मोठा.
"गरमीत हा ढिला पडते, करंट जाऊ देते.
थंडीत आखडून बसते, अडवते.
किती अडवलं, त्यावरून गाडी हिशेब करते.
आता वायरच तुटली, काहीच जाऊन नाही राहिलं.
गाडीले वाटते, एवढं कोण अडवते?
थंडीच असन, लय थंडी."

"अन् सिग्नलवर?"

"उभ्या गाडीत तिच्याच इंजिनची धग लागते ना त्याले.
खालून डांबर.
नव्या गाड्या हुशार, उभ्या असल्या की
चढता आकडा मानतच नाहीत, जुनाच धरून बसतात,
वारा लागला की मग बोलतात.
ही भोळी. हिले जे लागते ते बोलते."

वारा. आमच्या पेटीलाही झडपा होत्या त्या त्यासाठीच.
मी हे बोललो नाही.

डाग दिला, टेप गुंडाळला,
खेमराज आत बसून आकडे वाचू लागला : पंचेचाळीस.
"आता चेक करू," म्हणत मिस्त्रींनी
दाणा मुठीत धरला.
मला वाटलं, चढेल.
चव्वेचाळीस. बेचाळीस. चाळीस.
"उतरून राहिला, काका!"
"उतरनच," मिस्त्री म्हणाले,
"या दिवसांत माणूसच थंड असते.
डिसेंबरात या, हेच मूठ त्याले तापवते."

एकतीस वर्षं हात पाठीमागं बांधून वाचलेले आकडे.
म्हटलं, जरा माझ्याकडं द्या.
घामेजल्या तळव्यात तो दाणा
हरभऱ्याच्या घाट्यासारखा हलका.
एकोणचाळीस, सदतीस,
छत्तीस.
तिथं थांबला.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
मलाच मूठ उघडावीशी वाटेना.

साठ रुपये झाले, माठातलं पाणी वर.

परतताना छत्रपती चौकात पुन्हा
एकोणपन्नास. खेमराज गप्प,
माझ्याकडं तिरपं पाहत.
समोर दुभाजकाशी ट्रॅफिकचा पोलीस उभा होता,
बूट डांबरावर, पाठीशी चाळीस गाड्यांची धग,
कानांना ओला रुमाल, शिट्टी तोंडात.
आमच्या नोंदवहीत शेऱ्याचा एक रकाना असे.
मी तो कायम कोरा सोडला.

"बरोबर आहे गाडीचं," मी म्हणालो.
"म्हणजे वेधशाळा—"
"तीही बरोबर आहे.
हिरवा झाला, चल."